बासरी : बोटं फिरतात, पण राग वाजत नाही. रियाज नेमका कसा करावा?

कंबरतलाव
राम राम मंडळी. सोलापुरातून लिहितोय, संभाजी तलावाच्या बाजूला घर आहे. नोकरी सांभाळून बासरी शिकतो. पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) सहा भोकांची बासरी आहे. रोज पहाटे तानपुरा अॅप लावून बसतो आणि शक्यतो खाडा करत नाही.

अडचण अशी आहे. अलंकार, पलटे (स्वरांच्या ठराविक क्रमाचे सरावाचे धडे) चांगल्या लयीत निघतात. सा रे ग, रे ग म, ग म प असं दुगुनीत (दुप्पट लयीत) फिरतं, चौगुनीतही बोटं फारशी अडखळत नाहीत. पण यमन राग आळवायला घेतला की दोन मिनिटांत सगळं संपतं. पुढं काय वाजवायचं ते सुचत नाही, आणि जे वाजतं ते पलट्यासारखंच ऐकू येतं. घरात लहानपणापासून गाणं ऐकत आलोय, त्यामुळं आपण वाजवतो ते राग होत नाही एवढं कानाला कळतं. वेळ वाढवून पाहिला. बोटं आणखी पळू लागली, बाकी काही हललं नाही.

तर जाणकारांनी सांगावं, हा तासांचा प्रश्न आहे की पद्धतीचा? तुम्ही रियाजाला बसता तेव्हा नेमकं काय करता? ‘मनापासून वाजवा’ हे ऐकून झालंय. हाताला लागेल असं काहीतरी सांगा.

तिखटशेंगा
काय बे, पहाटे पाचला बासरी वाजवलालास आणि शेजारी गप्प बसलालेत? तुझं नशीब लई भारी आहे. आमच्या गल्लीत एवढ्यात दोन चपला आल्या असत्या. :)
धागा वाचतोय. मलापण पायजे उत्तर.

होटगीरोड_अण्णा
मी पद्धतीपेक्षा तासांच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. हल्ली थोडं अडलं की लोक पद्धत बदलतात. बोटं तयार नसतील तर डोक्यात कितीही राग असला तरी बाहेर यायचा कुठून? बांबूच्या नळीवर पट्टी नाही, कळ नाही. कोमल स्वर अर्ध्या भोकातून काढायचा, शुद्ध मध्यमसुद्धा पहिलं भोक अर्धं उघडून. ते अर्धं म्हणजे किती हे बोटाच्या पेराला कळायला वर्षं जातात, त्याला आडवाट नाही. पलटे सोडू नका. सुचणं आपोआप येतं.

गळ्यावरून
अण्णा, आदर राखून विचारते, आपोआप येतं तर यांना का आलं नाही?

मी गायन शिकवते, बासरी वाजवत नाही. माझ्याकडं बासरीची मुलं येतात ती ह्याच तक्रारीपायी. मी त्यांना बासरी पिशवीत ठेवायला सांगते आणि म्हणते, यमनातली तुला आवडणारी एक जागा, म्हणजे छोटी सुरावट, गाऊन दाखव. बहुतेकांना गाता येत नाही. आवाज चांगला-वाईट हा मुद्दाच नाही, जागा डोक्यात नसते. बोटांना रस्ता पाठ असतो, पण जायचं कुठं ते ठरलेलं नसतं.

पंडित हरिप्रसाद चौरसियांची सुरुवात गाण्यापासून झाली, पंडित राजाराम यांच्याकडं. बासरी नंतर आली, पंडित भोलानाथ प्रसन्नांकडं. पन्नालाल घोषांनी बासरी मैफलीच्या मध्यभागी आणून बसवली तीही ख्याल गायकीच्या अंगानं, आलापी (सावकाश स्वरविस्तार) आणि विलंबित (संथ लय) वाजवून. दोघांच्या वाजवण्यात वाक्य ऐकू येतं, पलटा नाही.

तेव्हा कंबरतलाव, माझं म्हणणं एवढंच. जी ओळ वाजवायची ती आधी गुणगुणायची, श्वास कुठं घ्यायचा ते गाताना ठरवायचं, मग बासरी ओठाला लावायची. गाता न येणारी ओळ त्या दिवशी वाजवायची नाही. आठवडाभर करून पाहा. पहिले दोन-तीन दिवस फार कमी वाजवून होईल आणि संताप येईल. येऊ द्या.

पांढरी_तीन
गळ्यावरून ताईंना अनुमोदन. बासरीवाल्यांसाठी त्यात थोडी भर घालतो, कारण यमनात आमची एक खास अडचण आहे, ती गाणाऱ्यांना नसते.

गंधाराला (ग) पहिलं एकच भोक झाकलेलं असतं. तीव्र मध्यमाला (यमनातला चढा म) सगळी भोकं उघडी. आणि पंचमाला (प) एकदम सहाही बंद, शिवाय फुंक बदलायची. म्हणजे म-प ही सुरांतली सगळ्यात जवळची पायरी आणि बोटांतली सगळ्यात लांबची. मध्यमावर बासरी नुसती अंगठ्यांवर आणि ओठाखाली तोललेली असते. पंचमाला सहा बोटं खाली येताना एखादं केसभर उशिरा आलं तर मध्येच एक चीं असा आवाज येतो. बहुतेक लोक तो लपवायला पंचमावर जोरानं फुंकतात. झालं, ओळ तिथंच तुटते. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस भांडतोय.

मी काय करतो ते सांगतो. अख्खा यमन वाजवत नाही. फक्त म प, आणि तेही ताल-लय सोडून. मध्यम लांब धरायचा, आतल्या आत पंचम ऐकायचा, मग बोटं आपटायची नाहीत, ठेवायची. फुंकेचा जोर तोच ठेवून ओठांची फट किंचित आवळायची. वरचा पंचम दाबानं मिळत नाही, बारीक धारेनं मिळतो. एकदा नीट जमलं की थांबायचं, बासरी खाली ठेवायची, ते कसं ऐकू आलं ते मनात पुन्हा ऐकायचं. मगच पुढची खेप. न थांबता पन्नासदा घासलं तर बोटं त्या चींसकट पाठ करतात.

त्यानंतर तोच सांधा वाक्यात घालायचा. ग म प. मग म प ध प. मग नि ध प वरून उतरत म ग. दर वेळी पंचमाचं काम वेगळं आहे. कुठं तो मुक्काम आहे, कुठं जाता जाता टेकायची जागा. त्या कामाप्रमाणं फुंक बदलली पाहिजे. माझ्या मते तंत्र आणि संगीत इथं वेगळं काढताच येत नाही.

कन्नाचौक
म-प बद्दल. पन्नालाल घोषांनी सातवं भोक पाडलं ते याच सांध्यासाठी, असं मला माझ्या शिक्षकांनी सांगितलं. शेवटी करंगळीसाठी जास्तीचं भोक. सातही बंद करून मंद्रात (खालच्या सप्तकात) तीव्र मध्यम मिळतो, आणि तीच बोटं ठेवून बारीक फुंकलं की मधल्या सप्तकात. मग करंगळी हळू उचलली की पंचम. म्हणजे मध्यमावरून पंचमावर मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) अखंड जाते, सहा भोकांत ती तुटते. देवेंद्र मुर्डेश्वर, नित्यानंद हळदीपूर यांच्या परंपरेत सात भोकं दिसतात, हरिप्रसादजींकडं सहा. सहावाल्यांनी तो सांधा इतका साफ केलाय की तुटतो हे कळत नाही, ती गोष्ट वेगळी.

आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि मामा कर्नाटकी पद्धतीची बासरी वाजवायचे, बोटांची आठ भोकं असलेली. त्यांच्याकडं सुरुवातच मायामाळवगौळ रागातल्या सरळी स्वरांनी (सरळ चढ-उताराच्या पहिल्या धड्यांनी) होते, एकच धडा तीन काळांत, संथ, दुप्पट, चौपट. लहानपणी मला तो कंटाळवाणा वाटायचा. पण मामा पहिल्या काळात एकेका स्वराशी जे करायचे ते ऐकण्यासारखं होतं. धडा तोच, पण ते वाजवू लागले की घरातल्या बायका स्वयंपाक थांबवून ऐकत. त्यामुळं ‘अलंकार म्हणजे कोरडी कसरत’ हे मला पटत नाही. कोरडं वाजवलं तर कोरडं.

होटगीरोड_अण्णा
कन्नाचौक, हेच म्हणतोय मी. पलटे सोडा असं म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे.

गळ्यावरून
पलटे सोडा असं मी कुठं म्हटलं अण्णा? पलटा गाऊन मग वाजवा म्हटलं. :)

भजनी_बार्शीकर
आमचं शिक्षण वेगळ्या शाळेत झालं, म्हणून लिहितो. मी भजनी मंडळात बासरी धरतो. पेटीवाले बुवा काळी चारला सुरू करतील तर काळी चार, पांढरी पाचला करतील तर पांढरी पाच. पिशवीत पाच-सहा बासऱ्या घेऊन हिंडायचं. रियाज म्हणून वेगळा फारसा केला नाही, मंडळात वाजवून वाजवूनच हात बसला.

तिथं एक गोष्ट पक्की शिकलो. श्वास शब्दाप्रमाणं घ्यायचा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. श्वास चरणाच्या शेवटी. मधेच घेतला तर शब्द तुटतो आणि टाळकरी वळून बघतात. बासरीतून शब्द ऐकू येत नाहीत, पण ज्याला अभंग पाठ आहे त्याला ऐकू येतात, आणि पंढरीच्या वाटेवर सगळ्यांनाच पाठ असतात. शेवटचा चार अक्षरांचा चरण आखूड असतो, तिथं उरलेल्या जागेत सूर लांबवता येतो किंवा छोटी हरकत घेता येते. जागा कुठं आहे हे अभंगच सांगतो.

कंबरतलाव दादा, यमन दोन मिनिटांत संपतो म्हणता. यमनातला एखादा पाठ असलेला अभंग घ्या आणि शब्द मनात म्हणत वाजवा. एकच ओळ, पाच तऱ्हेनं. संपणार नाही.

जुळेसोलापूर_७
थोडं विषयांतर. उन्हाळ्यात रियाज कसा करता? मे महिन्यात घरात पंखा लावला की फुंक फाटते, बंद केला की घामानं बासरी बोटांतून निसटते. शिवाय माझी बासरी दुपारी तानपुऱ्यापेक्षा चढते. बासरी बिघडली का?

तिखटशेंगा
पंखा की पंचम, दोनपैकी एकच मिळतंय सोलापुरात.

विज्ञानबाई
बासरी बिघडली नाही. नळीतली हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. २० अंशांना हवेत तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. नळीची लांबी तीच, त्यामुळं सूर चढतो. हिशेब काढला तर एका अंशाला जवळजवळ ३ सेंट. १०० सेंट म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत नुसत्या हवेच्या हिशेबानं अर्ध्या पट्टीहून थोडा जास्त फरक पडतो. प्रत्यक्षात तो कमी जाणवतो, कारण आपला श्वास बऱ्यापैकी गरम असतो आणि वाजवता वाजवता नळी त्याच्या जवळ येते.

यातून रियाजासाठी दोन गोष्टी. थंडीत बासरी आधी थोडी वाजवून गरम करा, मग तानपुरा लावा. आणि घरी एकटे असाल तर तानपुरा बासरीला लावा. अॅपमध्ये सूर थोडा थोडा वरखाली करता येतो. ओठ वळवून, मान वाकवून तानपुऱ्याला पोहोचायची सवय लागली तर प्रत्येक स्वर थोडा चोरलेला निघतो.

पंख्याबद्दल: वारा मुखरंध्रावरच्या फुंकेची धार विस्कटतो. पंखा पाठीमागं जमिनीवर ठेवा आणि भिंतीकडं तोंड करून बसा. भिंतीवरून परत येणारा आपला आवाजही नीट ऐकू येतो, हा फायदा वेगळाच.

जुळेसोलापूर_७
बाई, शतशः आभार. नवी बासरी मागवायला निघालो होतो. आणि उन्हानं तडकू नये म्हणून काय करता?

पांढरी_तीन
बंद गाडीत, गच्चीवर, खिडकीत ठेवू नका. दोन टोकांना आणि मध्ये दोऱ्याची घट्ट वेटोळी असावीत, ती शोभेची नसतात, बांबू उकलू नये म्हणून असतात. आतून अधूनमधून तेलाचा हलका हात फिरवा, मोहरीचं किंवा बदामाचं. मी जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची पिशवी शिवून घेतलीय. जाड असते, ऊन आणि धक्का दोन्ही सोसते.

तिखटशेंगा
चादरीचा विषय निघाला म्हणजे धागा आता खरा सोलापुरी झाला. गड्ड्याच्या जत्रेत मिळते ती बासरी चालेल का शिकायला? पोरगं मागलालंय.

भजनी_बार्शीकर
पोराच्या हौसेला चालेल. फुंक धरायला शिकेल. पण तिची भोकं सुरात असतीलच असं नाही, आणि कान त्या सुरांना बसला की पुढं जड जातं. जरा आवड दिसली की सुरातली एक आखूड बासरी घेऊन द्या. पांढरी तीनच्या लांब बासरीला लहान बोटं पुरत नाहीत.

मंद्रसप्तक
धागा आजच पाहिला. मूळ प्रश्नाकडं येतो, कारण तो फार महत्त्वाचा वाटला.

सगळ्यांनी वाक्य, श्वास, सांधा यावर लिहिलं. त्याच्याही आधीचं एक काम मला सांगायचंय, एका स्वराचं. पहाटे तानपुरा लावून मी मंद्र पंचम धरतो. सहाही बोटं बंद, अगदी हलकी फुंक. हा स्वर जोरानं फुंकला की लगेच वरच्या सप्तकात उडी मारतो, म्हणून तो संयम शिकवतो. सूर सुरू होताना धक्का नको, संपताना खाली पडायला नको. मध्ये वाढवायचा, परत बारीक करायचा, आणि या सगळ्यात तो तानपुऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. फुंक वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो, तेव्हा लहान-मोठं करताना ओठ सतत सावरत असतात. मग मंद्र धैवत (ध), निषाद (नि), आणि षड्ज (सा). एवढ्यानंच बराच वेळ जातो आणि तो वाया जात नाही.

पण हेही नुसता दम मोजत करू नये. किती सेकंद धरला ते कुणी ऐकत नाही. स्वर कुठं चाललाय ते ऐकतात. मंद्र निषाद धरला तर तो षड्जाकडं ओढला जातोय असं ऐकू आलं पाहिजे, आणि तोच निषाद यमनातला असेल तर षड्ज टाळून थेट रिषभावर जाणारा. नि रे ग. हातात तीनच स्वर आहेत. पहिल्यात ओढ, दुसरा नुसता स्पर्श, तिसऱ्यावर विसावा. हे तीन स्वर यमन म्हणून उभे राहिले की पुढचं सुचण्याची काळजी करू नका. तुम्ही गंधारावर नीट थांबलात की तो गंधारच पुढची वाट दाखवतो. तुम्हाला सुचत नाही याचं कारण मला असं दिसतं की तुम्ही कुठं थांबतच नाही. पलट्यात थांबायला जागाच नसते.

गंधारावरून आणखी एक. तुमच्यापैकी बरेच जण ट्यूनर अॅप वापरत असतील. त्यातला शुद्ध गंधार समान अंतरांवर बेतलेला, षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्याशी मिळणारा गंधार ३८६ च्या जवळ, म्हणजे बराच उतरलेला. षड्जाच्या तारा नीट लागल्या तर तो तारांमधून आपोआप ऐकू येतो, कान देऊन बसा. ट्यूनरचा हिरवा दिवा लागतो आणि सूर मात्र तानपुऱ्यावर घासत राहतो. गोंधळात पडून लोक जास्त फुंकतात. बासरी लावण्यापुरता ट्यूनर ठीक. रियाजात बंद करा.

अशोकचौक_माग
मंद्रसप्तक साहेबांना एक शंका. आमच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. सकाळी आठपासून रात्रीपर्यंत खडखडाट. मंद्र पंचम माझा मलाच ऐकू येत नाही. नकळत जोरात फुंकतो आणि सूर फाटतो. मग मी तार (वरच्या) सप्तकातच वाजवत बसतो. काय करावं?

मंद्रसप्तक
तार सप्तकात अडकू नका, तिथं ओठ आवळायची सवय जडते आणि खालचे सूर आणखी लांब जातात. माग बंद असतील तेवढा वेळ फक्त मंद्राला द्या, मग तो कितीही थोडा असो. खडखडाटात वाजवायचं असेल तर बिनफुंकेचा रियाज करा. बासरी ओठाला न लावता मनात ओळ ऐकायची आणि नुसती बोटं ठेवायची. बोटं भोकावर पडतानाचा टप टप आवाज हाताला जाणवतो, दोन बोटं मागंपुढं पडली तर ते फुंकेपेक्षा असंच लवकर कळतं. हा रियाज माग चालू असतानाही होतो, बसमध्येसुद्धा होतो.

कन्नाचौक
अशोकचौक, आमच्याकडंही तीच गत होती. मामा सुट्टीच्या दिवशी सकाळी वाजवायचे, माग बंद असायचे तेव्हा. शेजारच्यांना सवय झाली होती. एखाद्या सुट्टीला बासरी ऐकू आली नाही की दारात येऊन विचारायचे, तब्येत बरी आहे ना?

होटगीरोड_अण्णा
मंद्रसप्तक, तुमची पोस्ट दोनदा वाचली. थांबण्याची जागा हा मुद्दा मान्य. आमच्या गुरुजींनी पलट्यातही शेवटच्या स्वरावर थांबायला लावलं होतं. पुढच्या मुलांना सांगताना तेवढं बाजूला पडत गेलं आणि वेगच उरला. पण तासांचं माझं म्हणणं कायम आहे. थांबायलासुद्धा तास लागतात.

मंद्रसप्तक
अण्णा, त्यावर वाद नाहीच. आणि ज्यांना वाटतं की आता उशीर झाला, हाताला जडलेलं सुटणार नाही, त्यांच्यासाठी एक. हरिप्रसादजी मुंबईत नाव झाल्यावर सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडं शिकायला गेले. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं म्हणून त्यांनी बासरीची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडं केली. त्यानंतर ते डावीकडं धरूनच वाजवत आले. हाताला पाठ झालेलं सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. आपल्याला एवढं करावं लागत नाही, लय अर्ध्यावर आणली तरी पुरतं.

गळ्यावरून
कंबरतलाव, एक खेळ सुचवते. भूप आणि देशकार. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूप रात्रीचा, गंधार वादी (मुख्य स्वर), धैवत संवादी (त्याच्या खालोखालचा), चाल मंद्राकडं आणि मधल्या सप्तकात. देशकार सकाळचा, धैवत वादी, गंधार संवादी, सगळा जीव वरच्या अंगात, आणि रिषभ दुबळा. भूपातला एक पलटा घ्या, तुमच्या हाताला बसलेला. तोच पलटा देशकारात वाजवून दाखवा. स्वर एकही बदलायचा नाही. बोटं जिथल्या तिथं राहणार, तेव्हा फरक करायला तुमच्याकडं फक्त थांबणं, फुंकेचा वजन-हलकेपणा, आणि कुठून कुठं जाताय एवढंच उरतं. ते जमलं की पलट्याचा राग झाला.

कंबरतलाव
सगळ्यांचे मनापासून आभार. मधे बरेच दिवस लिहिलं नाही कारण सांगितलेलं करून पाहत होतो.

ताईंचं आधी गाऊन मग वाजवणं फार जड गेलं. पण त्यातून एक लक्षात आलं की मी गातो तेव्हा गंधारावर आपोआप थांबतो आणि वाजवताना थांबत नाही. श्वास तर भलत्याच ठिकाणी घेत होतो, जिथं संपेल तिथं. आता ओळ ठरवतो, श्वास ठरवतो, मग वाजवतो. म-प चा सांधा पांढरी_तीन म्हणाले तसा सुटा करतोय. चीं अजून येतो, पण जोरानं फुंकून झाकत नाही.

आणि भिंतीकडं तोंड करून बसतो. विज्ञानबाई, तुमच्या भिंतीनं जेवढं ऐकवलं तेवढं कुणी ऐकवलं नव्हतं.

भूप-देशकारचा खेळ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून इथं जोडलाय. पहिला भाग भूप, दुसरा देशकार. कान ओढायला संकोच करू नका.

तिखटशेंगा
ऐकलं बे. मला राग कळत नाहीत, पण दुसरा तुकडा सकाळचा वाटला खरं. उगंच नाही सांगलालो.

पांढरी_तीन
भूप चांगला उभा राहिलाय. मंद्र धैवतावरून षड्जाला येताना फुंक कुठंही हलली नाही, छान. ग-प मध्ये पाच बोटं एकदम पडतात ती जागा एकदा खडबडली, ती मध्यमासारखीच सुटी काढून घासा. थांबून, ऐकून.

गळ्यावरून
देशकारात धैवतावर छान बसलात. उतरताना मात्र ग रे सा मध्ये रिषभावर रेंगाळलात, आणि त्या क्षणी भूप डोकावला. शेवटून दुसरी ओळ पुन्हा ऐका. रिषभ फक्त ओलांडायचा. गंधारावरून निघतानाच षड्ज मनात ऐकू येऊ दे, म्हणजे बोट तिथं अडकणार नाही.

कंबरतलाव
ऐकलं, बरोबर आहे. रिषभावर श्वास संपत येतो म्हणून रेंगाळतो असं वाटतंय. धैवतानंतर श्वास घेतला तर चालेल का? की ओळ तुटेल?

भजनी_बार्शीकर
धैवतावर बसून झाल्यावर घ्या, पंचमाला हात घालायच्या आधी. तिथं चरण संपतो.

गळ्यावरून
बुवांनी सांगितलं तिथंच. आणि पुढच्या खेपेला प ग प ध प असं उठून मग खाली या, सरळ उतरू नका. परत टाका इथं.